विरारची विद्युतसीमा आणि डब्ल्यूसीएएम-१ : एका अल्पायुषी इंजिनमालिकेचा इतिहास व रचना

प्रस्तावना :

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. येथील माणसाला रेल्वे गाठावयाची तर पश्चिमेस डहाणू रोड किंवा पालघर, नाही तर पूर्वेस खोडाळ्याच्या वाटेने कसारा-इगतपुरी, असे दोनच मार्ग मोकळे आहेत. या दोन्ही दिशांमध्ये एक विलक्षण साम्य होते. पश्चिमेकडील गाडी विरारपाशी आणि पूर्वेकडील गाडी इगतपुरीपाशी आली की डोक्यावरील तारेतील वीजच बदलत असे. मुंबईच्या बाजूस १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि पलीकडे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह. या दोन सीमांच्या मध्ये आपला डोंगराळ प्रदेश वसला आहे. एवढेच नव्हे, तर मोखाड्याच्या खोऱ्यातून वाहत जाणारी वैतरणा समुद्राकडे वळताना ज्या रेल्वेमार्गाला छेदते, त्याच मार्गावर विरार व वैतरणा या स्थानकांच्या दरम्यान ही सीमा होती.

ही सीमा ओलांडण्यासाठी भारतीय रेल्वेने १९७५ ते १९७९ या काळात एक खास इंजिन बांधले. त्याचे नाव डब्ल्यूसीएएम-१. एकूण ५३ इंजिने तयार झाली आणि मालिका थांबली. पुढे याच जातीच्या आणखी काही मालिका निघाल्या. परंतु ज्या कारणासाठी हे सारे कुळ जन्मास आले ते कारणच २०१२ ते २०१६ या चार वर्षांत नाहीसे झाले. रेल्वे-इतिहासात अल्पायुषी इंजिनांची उदाहरणे थोडी नाहीत. बहुतेक वेळा ती सदोष रचनेमुळे किंवा सुट्या भागांच्या अभावी मागे पडतात. येथे मात्र इंजिन नव्हे, भूगोल बदलला. प्रस्तुत लेखात या इंजिनाचा इतिहास, त्याची रचना आणि त्या रचनेतील तडजोडीमागचा विचार समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आहे. अभियांत्रिकीचा अभ्यास नसलेल्या प्राध्यापक-वाचकांनाही विषय कळावा, अशा बेताने विवेचन केले आहे.

सीमा कशी निर्माण झाली?

३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी चालविली. बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा आपला उपनगरी मार्ग विजेवर आणला व १९३६ मध्ये तो विरारपर्यंत वाढविला. दरम्यान पहिल्या कंपनीने थळ घाट व बोर घाट चढून इगतपुरी व पुणे गाठले होते. १ : ३७ या उभ्या चढावर वाफेच्या इंजिनांची दमछाक होत असे, विजेने तो प्रश्न सोडविला. या सर्व ठिकाणी १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरण्यात आला. आज आपण या निवडीला जुनाट म्हणू. पण त्या काळी तीच शहाणपणाची निवड होती. एकदिश प्रवाहावर चालणारी श्रेणी-जोडणीची मोटार स्थिर अवस्थेतून प्रचंड ओढ देते, तिचा वेग सहज आवरता येतो आणि तिच्यासाठी इंजिनात जड रोहित्र ठेवावे लागत नाही. जगातील अनेक देशांनी त्या दशकांत हाच मार्ग धरला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच रेल्वेने २५,००० व्होल्टच्या, औद्योगिक वारंवारतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रयोग यशस्वी केले. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने हीच पद्धत पुढील विद्युतीकरणासाठी स्वीकारली. निर्णय उत्तम होता, याविषयी आज दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या निर्णयाने मुंबई हे देशाच्या विद्युत-नकाशावरील एक बेट बनले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळकडून आलेली नवी तार इगतपुरीला जुन्या तारेसमोर येऊन उभी राहिली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात गुजरातेतून आलेली नवी तार विरारला येऊन थांबली. मुंबईतील जुनी तार बदलणे त्या वेळी कोणालाही परवडणारे नव्हते, कारण लाखो प्रवाशांची उपनगरी सेवा तीवरच चालत होती.

दोन विजांमधील अंतर :

या दोन पद्धतींमधील फरक केवळ पुस्तकी नाही. साधा हिशेब पाहू. डब्ल्यूसीएएम-१ ची शक्ती प्रत्यावर्ती प्रवाहावर ३,६४० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २,७१५ किलोवॉट होती. मार्गातील गळती व शक्तिगुणक बाजूस ठेवले तर २५,००० व्होल्टवर एवढ्या शक्तीसाठी तारेतून सुमारे ११० ॲम्पिअर प्रवाह घ्यावा लागतो. एकदिश प्रवाहावर त्याच इंजिनाची शक्ती २,९३० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २,१८५ किलोवॉट. १५०० व्होल्टवर त्यासाठी जवळजवळ १,४६० ॲम्पिअर लागतात. शक्ती कमी, पण प्रवाह तेरापट! तारेतील उष्णतेचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण विज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवितो. म्हणूनच एकदिश प्रवाहासाठी तांब्याच्या जाड तारा आणि काही किलोमीटरवर एक अशी उपकेंद्रे उभारावी लागतात. २५,००० व्होल्टसाठी तार बारीक चालते आणि उपकेंद्रे दूर दूर असली तरी भागते. मुंबईतील मार्गावर लोखंडी खांबांची ती भरभक्कम रचना पूर्वी दिसे, तिचे कारण हेच.

एकाच इंजिनाने या दोन्ही तारांखाली धावावयाचे म्हणजे दोन बिऱ्हाडांनी एका घरात राहण्यासारखे आहे. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी रोहित्र हवे, ते उतरलेला विद्युतदाब एकदिश करणारे सिलिकॉनचे एकदिशकारक हवेत आणि त्या प्रवाहातील चढउतार शमविणारी वेटोळी हवीत. एकदिश प्रवाहासाठी यांतील रोहित्राचा काडीचाही उपयोग नाही. तेथे उलट गाडी सुरू करताना मोटारींवरील दाब आवरण्यासाठी मोठमोठे रोध हवेत. एका तारेखाली अर्धे सामान ओझे म्हणून वाहावयाचे, दुसऱ्या तारेखाली उरलेले अर्धे.

डिझेलचा पर्याय :

सीमेवर दुसरा एक उपाय हाताशी होता. डिझेल-विद्युत इंजिन स्वतःचे वीजघर स्वतःबरोबर घेऊन फिरते. डोक्यावर कोणती तार आहे, किंबहुना तार आहे की नाही, याची त्याला पर्वा नसते. वाराणसीच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यातून जानेवारी १९६४ पासून बाहेर पडू लागलेली २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ ही इंजिने त्या सुमारास देशभर स्थिरावली होती. मग विजेच्या तारांखालून डिझेल इंजिन पळवून सीमेचा प्रश्न सोडविता आला नसता काय? आला असता, पण तसे केल्याने विद्युतीकरणावर झालेला खर्च वाया गेला असता. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर हा पर्याय आणखीच महाग झाला. उरला तो सीमेवर इंजिन बदलण्याचा मार्ग. इगतपुरीस तो दीर्घकाळ चालू राहिला. तेथे घाटासाठी मागून जोर देणारी इंजिने लावणे-काढणे होतच असल्याने थांबा मोठाच असे. त्यात इंजिनबदल सामावून जाई. विरारला तसे कोणतेही निमित्त नव्हते. सपाट मार्गावरील, उपनगरी गाड्यांनी गजबजलेल्या स्थानकात प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीचे इंजिन काढणे म्हणजे सारे वेळापत्रक अडविणे होते. दुहेरी प्रवाहाच्या इंजिनाची पहिली गरज इगतपुरीस न भासता विरारला भासली, ती यामुळेच असावी असे वाटते.

डिझेलचे एक ऋण मात्र या विद्युत इंजिनावर कायम राहिले. डब्ल्यूसीएएम-१ च्या खाली असलेली तीन आसांची बोगी मूळची अमेरिकन एल्को कंपनीच्या रचनेची, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचीच होती. तिच्यातील आसांमधली अंतरे असमान असतात. ही बोगी मजबूत आणि देखभालीस सोपी. भारतातील कारागिरांच्या हाताला तिची सवय झालेली. परंतु वेग वाढला की रुळांवर बाजूने बसणारे धक्केही तिच्यामुळे वाढतात आणि ओढ लावताना चाकांवरील भार सारखा राहत नाही. नवी बोगी रचण्यात वर्षे घालविण्यापेक्षा हाताशी असलेली वापरावी, हा त्या काळातील आपल्या अभियंत्यांचा व्यवहार होता. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्या देशात इंजिनांची टंचाई होती तेथे तो व्यवहार चुकीचा म्हणवत नाही.

रचना आणि कार्य :

प्रथम नावाविषयी थोडेसे. डब्ल्यू हे अक्षर रुंदमापी मार्ग दर्शविते, सी एकदिश प्रवाह, ए प्रत्यावर्ती प्रवाह आणि एम म्हणजे प्रवासी व माल या दोन्ही प्रकारच्या कामांसाठी. अखेरचा १ हा आकडा मालिकेचा. चित्तरंजन येथील कारखान्याने ही इंजिने बांधली आणि त्यांना २१८०० ते २१८५२ हे क्रमांक मिळाले. पश्चिम रेल्वेवरील वलसाड हे त्यांचे घर.

इंजिनाचा सांगाडा व प्रत्यावर्ती बाजूची यंत्रणा बव्हंशी डब्ल्यूएएम-४ या तत्कालीन यशस्वी इंजिनावरून घेतलेली होती. सहा आस, प्रत्येकास एक कर्षण मोटार. टीएओ ६५९ या फ्रेंच घराण्यातील ही मोटार ७५० व्होल्टसाठी बनविलेली असते. २५,००० व्होल्टच्या तारेखाली काम सरळ चाले. रोहित्राच्या वेटोळ्यांना ठिकठिकाणी फाटे असतात. चालक आपल्या हातातील चाकाने एकेक पायरी चढवीत जाई आणि मोटारींना मिळणारा दाब हळूहळू वाढे. या पायऱ्यांपैकी कोणत्याही पायरीवर गाडी हवी तितका वेळ चालविता येते, वीज वाया जात नाही. गाडी सुरू करतानाची ओढ मऊ असते आणि चाक घसरण्याचा संभव कमी होतो.

विरारच्या दक्षिणेस मात्र सारे चित्र पालटे. तेथे तारेतील दाब १५०० व्होल्ट, मोटार ७५० व्होल्टची. तेव्हा निदान दोन मोटारी एकापुढे एक जोडल्याशिवाय गत्यंतर नाही. सहा मोटारींच्या इंजिनाला अशा वेळी तत्त्वतः तीनच जोडण्या उपलब्ध असतात. सहाही मोटारी एका ओळीत जोडल्या तर प्रत्येकीस २५० व्होल्ट मिळतात. तीन-तीनच्या दोन ओळी केल्या तर ५०० आणि दोन-दोनच्या तीन ओळी केल्या तर पूर्ण ७५०. या तीन स्थितींच्या मधला प्रत्येक क्षण रोधांच्या आधाराने काढावा लागतो. रोध परिपथात असेपर्यंत विजेचा मोठा भाग निव्वळ उष्णता होऊन जातो व ते तापत असल्याने चालकाला त्या पायरीवर रेंगाळता येत नाही. शिवाय रोहित्र असताना मोटारीचा दाब चालकाच्या हाती असतो. एकदिश तारेखाली तो तारेच्या मर्जीवर असतो. उपनगरी गाड्यांच्या गर्दीत तारेतील दाब खाली आला की इंजिनाची ताकदही खाली येते. ३,६४० आणि २,९३० या दोन आकड्यांतील सातशे अश्वशक्तींचे अंतर पडते, त्यामागे ही सारी कारणे आहेत.

सीमा ओलांडण्याची क्रिया स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. दोन तारांच्या मध्ये एक निर्विद्युत तुकडा ठेवलेला असे. तेथे पोहोचण्यापूर्वी चालक मोटारींची वीज काढून घेई, मुख्य विद्युत-खंडक उघडी आणि गाडी केवळ आपल्या गतीवर पुढे सरकत राही. त्या अवधीत इंजिनाच्या अंतर्गत जोडण्या एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलल्या जात व पलीकडच्या तारेखाली पोहोचल्यावर खंडक पुन्हा बंद केला जाई. यात चूक झाली तर? एकदिश जोडणीत असलेल्या इंजिनावर २५,००० व्होल्ट आले तर विद्युतरोधन टिकणे अशक्य. उलट, प्रत्यावर्ती जोडणीतील रोहित्राला एकदिश प्रवाह मिळाला तर त्याचा लोहगाभा संपृक्त होतो आणि वेटोळ्याचा नुसता रोध तेवढा प्रवाहाच्या आड येतो. परिणाम तितकाच विध्वंसक. म्हणून तारेतील विजेचा प्रकार ओळखल्याशिवाय खंडक बंद होऊ न देणारी साधने अशा इंजिनात अपरिहार्य असतात.

मुंबईच्या लोकलमध्ये पुढील काळात अशा ठिकाणी दिवे आणि पंखे क्षणभर बंद पडत, हे अनेकांना आठवत असेल. एक्सप्रेस गाडीत मात्र तसे होत नसे. आमच्याकडील विद्यार्थ्यांनी हा प्रश्न वर्गात विचारल्याचे स्मरते. उत्तर सोपे आहे : लोकलचे दिवे त्याच तारेवर अवलंबून असतात, तर इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या पारंपरिक डब्यांत आसावरील जनित्र व बॅटरी यांची स्वतंत्र सोय होती.

तडजोडीचा अर्थ :

डब्ल्यूसीएएम-१ वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : एकदिश प्रवाहावर हे इंजिन दुबळे आहे. आक्षेप खरा आहे. पण त्याचे मूल्यमापन नकाशा समोर ठेवून करावयास हवे. मुंबई सेंट्रल ते अहमदाबाद हे अंतर सुमारे ४९० किलोमीटर. त्यापैकी एकदिश तारेखालचे अंतर विरारपर्यंतचे, सुमारे ५५ किलोमीटर. म्हणजे जेमतेम नववा हिस्सा. तोही संपूर्ण सपाट आणि लोकलच्या रांगेत मुंगीच्या पावलाने कापावयाचा. तेथे अधिक शक्ती ठेवून तिचा उपयोग तरी काय? रचनाकारांनी नऊपैकी आठ भागांवर लक्ष केंद्रित केले आणि नवव्या भागापुरते काम भागविले.

याचे एक लख्ख समांतर उदाहरण जपानमध्ये सापडते. होन्शू व क्यूशू या बेटांना जोडणाऱ्या कानमोन या समुद्राखालील बोगद्यातून जाण्यासाठी जपानी रेल्वेने १९६० च्या दशकात ईएफ-३० या नावाची २२ इंजिने वापरात आणली. बोगद्यात १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. पलीकडील मोजी स्थानकात २०,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती. या इंजिनाची शक्ती एकदिश प्रवाहावर १,८०० किलोवॉट आणि प्रत्यावर्ती प्रवाहावर अवघी ४५० किलोवॉट! कारण प्रत्यावर्ती तारेखाली त्याला केवळ स्थानकाच्या आवारापुरते सरकावयाचे होते. खाऱ्या पाण्याच्या गळतीमुळे त्याची कायाही गंजरोधक पोलादाची केली होती. विरारचे इंजिन आणि कानमोनचे इंजिन ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे वाटतात. एकाची डावी बाजू दुबळी, दुसऱ्याची उजवी.

हीच कसोटी मध्य रेल्वेला लावली की गणित कोलमडते. मुंबई ते इगतपुरी १३६ किलोमीटर, मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर, आणि दोन्ही मार्गांवर घाट. म्हणजे नेमका कठीण प्रदेश एकदिश तारेखाली. तेथे अर्धवट ताकदीचे इंजिन चालणारे नव्हते. घाटात मागून जोर देण्यासाठी मध्य रेल्वे केवळ एकदिश प्रवाहावर चालणारी डब्ल्यूसीजी-२ ही ५७ इंजिने वापरीत होती. दुहेरी प्रवाहाच्या इंजिनासाठी मध्य रेल्वेला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागले. इंजिनाची रचना कारखान्यात ठरते असे आपण समजतो. या प्रकरणात ती बरीचशी सीमारेषेच्या जागेने ठरविली.

उत्तराधिकारी :

नंतरच्या मालिकांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने १९९५-९६ मध्ये डब्ल्यूसीएएम-२ ही २० इंजिने पश्चिम रेल्वेसाठी बांधली. त्यापाठोपाठ १९९७-९८ मध्ये मध्य रेल्वेसाठी ५३ डब्ल्यूसीएएम-३ आणि मालगाड्यांसाठी १२ डब्ल्यूसीएजी-१ आली. डब्ल्यूसीएएम-३ मध्ये हिताची रचनेच्या मोटारी व नव्या धर्तीच्या, अधिक पकड देणाऱ्या बोग्या होत्या. तिची शक्ती प्रत्यावर्ती प्रवाहावर ५,००० आणि एकदिश प्रवाहावर ४,६०० अश्वशक्ती. दोन आकड्यांतील दरी जवळजवळ बुजली, हे लक्षात घ्यावे. पहिल्या मालिकेपासून येथे पोहोचण्यास वीस वर्षे लागली.

आणि याच सुमारास, म्हणजे उत्तर अखेर सापडल्यावर, प्रश्नच रद्द करण्याची तयारी चालू झाली होती.

सीमेचा अंत :

मुंबईच्या उपनगरी गाड्या नऊ डब्यांवरून बारा डब्यांवर गेल्या, त्यांची संख्या वाढली आणि १५०० व्होल्टच्या तारेची मर्यादा उघड झाली. आणखी गाड्या चालवावयाच्या तर आणखी उपकेंद्रे, आणखी तांबे. त्यापेक्षा सारी मुंबईच २५,००० व्होल्टवर नेणे श्रेयस्कर ठरले. काम टप्प्याटप्प्याने झाले. सीमा विरारहून व इगतपुरीहून सरकत सरकत शहराकडे येत गेली. संक्रमणाच्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल गाड्या लागल्या. २००७ पासून धावू लागलेल्या नव्या गाड्यांत तीन-कला मोटारी होत्या. या तंत्रात मोटारींना लागणारी वीज इलेक्ट्रॉनिक साधने स्वतःच घडवितात. त्यामुळे तारेतील वीज कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहत नाही. ज्या अडचणीशी डब्ल्यूसीएएम-१ चे रचनाकार रोध आणि रोहित्र घेऊन झुंजले, ती अडचण सोपी होण्याची वेळ आणि ती नाहीशी होण्याची वेळ एकच यावी, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

बदल वाटतो तितका सोपा नव्हता. २५,००० व्होल्टच्या तारेभोवती अधिक मोकळी जागा लागते आणि मुंबईतील ब्रिटिशकालीन पूल बुटके होते. काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले, काही पुलांखाली वेगमर्यादा आली. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला, त्यामागे उंचीचा प्रश्नही होता. पश्चिम रेल्वेवरील परिवर्तन ५ फेब्रुवारी २०१२ रोजी चर्चगेटपर्यंत पूर्ण झाले. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये नव्या विजेवर आला. १९२५ साली ज्या हार्बर मार्गावर एकदिश प्रवाहाचा आरंभ झाला, तेथेच ९१ वर्षांनी त्याची अखेर झाली.

सीमा गेल्यावर दुहेरी इंजिनांचे काय झाले? चार दशकांच्या जवळ आलेली डब्ल्यूसीएएम-१ इंजिने एकेक करून मोडीत निघाली. सुरत-मुंबई मार्गावरील फ्लाइंग राणीला डिसेंबर १९७९ मध्ये दुमजली डबे लागले, तेव्हापासून त्या गाडीसमोर हे इंजिन पाहिल्याचे जुने प्रवासी सांगतात. ते दुमजली डबेही २०२३ साली गेले. नंतरच्या मालिकांतील तरुण इंजिने केवळ प्रत्यावर्ती प्रवाहावर चालू लागली. डब्ल्यूसीजी-२ सारख्या निव्वळ एकदिश इंजिनांना तर तारच उरली नाही.

या संदर्भात डब्ल्यूडीएम-४ या डिझेल इंजिनाची आठवण होते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून १९६० च्या दशकाच्या आरंभी २,६०० अश्वशक्तीची अशी ७२ इंजिने आली. १९६९ मध्ये देशातील पहिली राजधानी एक्सप्रेस ओढण्याचा मान त्यांना मिळाला. परंतु वाराणसीच्या कारखान्यात एल्कोच्या रचनेचे उत्पादन सुरू झाल्याने ही मालिका तेवढ्यावरच संपली. तेथेही गुणदोषांपेक्षा बाहेरच्या परिस्थितीने निकाल दिला. अशा इंजिनांना अपयशी म्हणण्याची रेल्वेप्रेमींमध्ये एक रूढी पडली आहे. ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने :

विरारची सीमा केवळ विजेची नव्हती. मुंबईची लोकल विरारला संपत असे. तेथून पुढे पालघर-डहाणूकडे जाणाऱ्यास मोजक्या शटल व पॅसेंजर गाड्यांची वाट पाहावी लागे. जव्हारहून एस.टी.ने दोन-अडीच तास घाट उतरून आलेल्या माणसाची एक गाडी चुकली की अर्धा दिवस गेला. उपनगरी सेवा विरारपुढे न जाण्याची कारणे अनेक होती : दोनच रूळ, मालगाड्यांची वर्दळ, गाड्यांची टंचाई. सारा दोष तारेतील विजेवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण दुहेरी विजेच्या लोकल गाड्या काही वर्षे आधीपासून उपलब्ध होत्या. तथापि एकदिश तारेवर वाढलेली उपनगरी रेल्वे त्या तारेच्या टोकाशी थांबावी, हेही स्वाभाविक होते. परिवर्तन पूर्ण झाल्यानंतर चौदा महिन्यांनी, १६ एप्रिल २०१३ रोजी, उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत वाढविण्यात आली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. विरार आणि डहाणू, जुन्या सीमेच्या अलीकडचे व पलीकडचे, एकाच जिल्ह्यात आले. विरार ते डहाणू या मार्गाच्या चौपदरीकरणास मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात २०१६ साली मंजुरी मिळाली. डहाणूच्या लोकलमध्ये बसलेल्या प्रवाशाला आता वैतरणेच्या अलीकडे दिवे जाण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि एके काळी तेथे वीज बदलत असे हे त्याच्या शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला ठाऊकही नसते.